पिशवी सात किलो दोनशे

बकरीद होऊन चार-पाच दिवस झाले होते. आमच्या मोहल्ल्यातल्या किराणा दुकानात गहू-ज्वारी तोलायचा मोठा काटा आहे. सकाळी गिऱ्हाईक कमी असताना आम्ही आमची कामाची पिशवी त्यावर ठेवली. दुकानदाराने आधी आमच्याकडे पाहिलं, मग काट्याकडे. "सात किलो दोनशे," तो म्हणाला, "क्या भरा है इसमें?"

लॅपटॉप भरला होता. निदान आमचा तसा समज होता. त्या महिन्यात घरात एकाच विषयावर बोलणं चाललं होतं: फिरतीसाठी दुसरा, हलका लॅपटॉप घ्यायचा की नाही.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. जालन्यात उर्दू आणि मराठी अक्षरजुळणीचं काम करतो. लग्नाचे रुक्के, शाळांच्या स्मरणिका, दुवांची छोटी पुस्तकं, मदरशांची पावतीपुस्तकं, दुकानांच्या पाट्या. "जालना सोने का पालना" असं आमच्या गावाला म्हणतात. आमच्या वाट्याला त्या पाळण्याची दोरी आली, असं आम्ही गमतीने म्हणतो. काम बरं चालतं, पोट भरतं, अल्हम्दुलिल्लाह. हे सगळं घरातल्या टेबलावर होत असताना लॅपटॉप गावोगाव हिंडवायची गरज काय, असं कुणीही विचारेल. त्याचं कारण एक नुक्ता आहे.

काही वर्षांपूर्वी एका लग्नाचे पाचशे रुक्के आम्ही छापून दिले. मजकूर फोनवर आला होता, नमुना फोनवर गेला होता, "ठीक है" असं उत्तरही फोनवर आलं होतं. रुक्के घरी पोहोचले आणि मुलीच्या वडिलांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, उलट फार हळू होता. त्यांच्या नावात 'रहीम' होतं. ज्यांना उर्दू येतं त्यांना सांगायला नको, 'रहीम'मधल्या बडी हेच्या पोटात एक नुक्ता पडला की तिची जीम होते आणि 'रहीम'चा 'रजीम' होतो. म्हणजे दयाळूचा धिक्कारलेला. हा शब्द आपण कुणासाठी वापरतो ते प्रत्येक घरातल्या लहान मुलालाही माहीत आहे. चूक आमची होती, त्यांची नव्हती आणि छापखान्याचीही नव्हती. पाचशे रुक्के आमच्या खर्चाने पुन्हा छापले. पैसे गेले ते गेलेच, पण त्या माणसासमोर उभं राहायला पुढे कितीतरी दिवस जड गेलं.

तेव्हापासून ठरवलं की नावांचा मजकूर असला तर गिऱ्हाइकाशेजारी बसून, अक्षर मोठं करून, बोट ठेवून वाचून घ्यायचा. म्हणून लॅपटॉप एसटीत चढला. भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड, जिथे काम असेल तिथे. महिन्यातून दोनदा, लग्नसराईत तीनदा.

फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. "आम्ही लॅपटॉप नेतो" असं आम्ही म्हणतो खरं, पण पिशवी एकाच खांद्यावर असते. एसटीत जागा धरायला एक जण पुढे धावतो आणि पिशवी मागे राहिलेल्याच्या खांद्यावर येते. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. आमच्याकडे अर्ध्या तिकिटाच्या प्रवाशाकडे पूर्ण वजन असतं. हिवाळ्यात तो खांदा उतरला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वजन उचलू नका म्हणाले. लॅपटॉपचा विषय तिथून निघाला.

गांधी चमनच्या बाजूला दोन-तीन दुकानं पाहिली. पहिल्या दुकानातल्या मुलाने एक लॅपटॉप आमच्या हातात ठेवला. तो इतका हलका होता की पडेल या भीतीने आम्ही दोघांनी मिळून धरला. एक किलो शंभर ग्रॅम. किंमत ऐकून तसाच दोघांनी मिळून खाली ठेवला, बहात्तर हजार. त्याच्या खालच्या फळीत पंचेचाळीस हजारांचा होता, एक किलो चारशेचा. कंपन्यांनी वापरून काढलेले, दुरुस्त केलेले जुने हलके लॅपटॉप पंचवीस हजारांपर्यंत मिळत होते. हप्त्याची सोय आहे, बिनव्याजी आहे, असं मुलगा सारखं सांगत होता. आम्ही खोदून विचारलं तेव्हा हिशेब बाहेर आला. बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी सूट दाखवून ते झाकतं आणि त्या व्याजावरचा जीएसटी आपल्याच खिशातून जातो. नाव बिनव्याजी असलं तरी पावतीवर व्याजाची ओळ असते. ही वाट आमच्यासाठी तिथेच बंद झाली. घ्यायचं तर रोखीने.

मुलाने मग दुसरी भीती घातली. तुमचा जुना आता बाद झाला, विंडोज 10 बंद पडलं. हे अर्धं खरं आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याची नेहमीची मोफत सुरक्षा थांबली आणि आमच्या मशीनचा प्रोसेसर इतका जुना आहे की विंडोज 11 त्यावर रीतसर चढत नाही. पण बंद झालं म्हणजे चालायचं थांबलं असं नाही. त्यावरून बँकेचे व्यवहार करू नयेत आणि अनोळखी जोडण्या उघडू नयेत. नेट न जोडता नुसती अक्षरजुळणी करायला ते अजून चालतं.

हलक्या लॅपटॉपच्या अडचणी मात्र मुलाने सांगितल्या नाहीत, आम्हीच शोधल्या. बऱ्याच हलक्या मशीनमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते. आज आठ घेतली तर उद्या सोळा करता येत नाही, म्हणून घेतानाच विचार करावा लागतो. आमच्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरला डोंगल लागतं, ते जुन्या चौकोनी खाचेत बसतं. सर्वात हलक्या मशीनला ती खाचच नव्हती, सगळ्या खाचा टाइप-सीच्या. म्हणजे वेगळा जोड घ्या, तो सांभाळा आणि तो विसरला तर भोकरदनहून परत या. आणि पडदा तेरा इंची. नस्तालीक लिपी तिरकी उतरते, एका शब्दात तीन मजले असतात, नुक्ते एकमेकांच्या खांद्यावर बसलेले असतात. छोट्या पडद्यावर अक्षर मोठं केलं तर ओळ मावत नाही, ओळ मावली तर नुक्ता दिसत नाही. हलक्याची चांगली बाजूही होती. टाइप-सीच्या एकाच छोट्या चार्जरवर फोन आणि लॅपटॉप दोन्ही चालतात आणि लाइट गेली तर ताकदीच्या पॉवर बँकेवरही तो चार्ज होतो. आमच्या जुन्याला गोल पिनचा विटेएवढा चार्जर लागतो.

घरी आल्यावर अब्बांसमोर विषय काढला. अब्बांनी उमेदीच्या काळात किताबत केली आहे. बोरूच्या कलमाने, पिवळ्या लेप दिलेल्या कागदावर तेलकट शाईने लिहायचं, मग तो मजकूर दगडावर उतरवून छापायचा. आता सगळं संगणकावर असलं तरी त्याच्या मुळाशीही एका खुशनवीसाचाच हात आहे. कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडअक्षरं हाताने लिहिली आणि त्यावरून 1981 मध्ये नूरी नस्तालीक तयार झालं. चेन्नईचं 'मुसलमान' हे दैनिक तर 1927 पासून निघालं आणि सगळी वर्तमानपत्रं संगणकावर गेल्यानंतरही कितीतरी वर्षं हातानेच लिहिलं जात राहिलं. हे सगळं अब्बांनीच आम्हाला सांगितलेलं.

त्यांनी किमती ऐकल्या आणि एवढंच विचारलं, "हाजत है या हौस?"

आम्ही म्हटलं, खांदा दुखतो.

"खांदा तो दुखता है. पन कायसे दुखता है, वो देखे क्या?"

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पिशवी काट्यावर गेली ती त्यामुळे. दुकानदाराच्या परवानगीने एकेक वस्तू वेगळी तोलली. लॅपटॉप अडीच किलो. चार्जर साडेपाचशे ग्रॅम. लाइटीचा एक्स्टेन्शन बोर्ड साडेचारशे. डबा आणि पाण्याची बाटली एक किलो दोनशे. पिशवी, डोंगल, किरकोळ सामान चारशे. आणि रुक्क्यांच्या नमुन्यांचे दोन जाडजूड अल्बम दोन किलो शंभर. हे अल्बम आम्ही कधीपासून वाहतोय हे आठवावं लागलं. आम्ही इतके दिवस लॅपटॉपलाच दोष देत होतो.

तरी निर्णय झाला नाही, कारण अडीच किलो म्हणजे काही कापूस नव्हे. मग ठरलं की येत्या फेरीत एक वही ठेवायची. लॅपटॉप कुठे उघडला, कशासाठी उघडला, किती वेळ, सगळं लिहायचं.

फेरी दोन दिवसांची होती. जालन्याहून राजूरमार्गे भोकरदन, तिथून पुढे एका गावातल्या उर्दू शाळेची स्मरणिका, मग जाफराबाद. जूनचा पहिला आठवडा. पाऊस यायचा होता, शेतं नांगरून उघडी पडली होती. राजूरला गाडी बरीच रिकामी झाली. गणपतीचं गाव आहे, चतुर्थीला याच गाडीत पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी पिशवीलाही स्वतंत्र सीट मिळाली. भोकरदनच्या जवळ आल्यावर मिरचीचा वास येऊ लागला. पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीबाजार याच तालुक्यात आहे आणि या दिवसांत हिरव्या मिरचीने भरलेल्या गाड्या रस्त्याने दूरच्या शहरांकडे निघालेल्या दिसतात. आमच्या पुढच्या सीटवरच्या बाबांच्या मांडीवर मिरचीची गोणी होती. त्यांनी आमच्या पिशवीकडे पाहून विचारलं, "काय, बियाणं का?"

भोकरदनला दोन दुकानांत काम होतं. एका पाटीचा मजकूर कागदावर लिहून घेतला, लॅपटॉप उघडला नाही. दुसऱ्या ठिकाणी रुक्क्याचे नमुने दाखवायचे होते. अल्बम मुद्दाम घरी ठेवला होता, फोनवरचे फोटो दाखवले. मुलाच्या आईने फोन हातात घेऊन बोटाने सरकवत पाच मिनिटांत नमुना निवडला. अल्बम असता तर अर्धा तास गेला असता आणि चहा दोनदा झाला असता.

भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भरहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावांत या गावचे लोक आहेत. 1973 च्या सुमारास इथे उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच घडणीची मूर्ती इटलीत पॉम्पेईला सापडली आहे. पॉम्पेई शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधी हिंदुस्थानातून समुद्र ओलांडून तिथे पोहोचली होती. बसस्टँडवर गाडीची वाट पाहत आम्ही याबद्दल बोलत बसलो. कोण व्यापारी असेल, काय काय घेऊन गेला असेल? जड माल वाटेत विकला गेला असणार. इतकी छोटी वस्तू कपड्यात गुंडाळून, कमरेला बांधून नेता येते.

पुढचं गाव लहान आहे, नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात एका माणसाची गंमत होईल. तिथल्या उर्दू शाळेची स्मरणिका आमच्याकडे होती. शाळेचे निवृत्त हेडमास्तर साहेब पंच्याहत्तरी ओलांडलेले आहेत. नजर अधू, पण एकेक माजी विद्यार्थी तोंडपाठ. स्मरणिकेच्या शेवटी तीन याद्या होत्या: शिक्षकांची, माजी विद्यार्थ्यांची आणि मरहूम झालेल्यांची. याद्या गावातल्या तरुण मुलांनी फोनवर पाठवल्या होत्या.

असरनंतर ओट्यावर बसलो. लॅपटॉप उघडला, अक्षर बोटाएवढं मोठं केलं आणि साहेबांनी चष्मा पुसून वाचायला घेतलं. दोन पानं झाली असतील. पश्चिमेकडून धुळीचा लोट आला, पत्रे वाजले, लाइट गेली. बॅटरी एक्केचाळीस टक्के दाखवत होती. आमच्या बॅटरीची ही जुनी सवय आहे, ती एक्केचाळीस दाखवते आणि एकदम झोपते. मगरिबच्या अजानच्या आधीच पडदा काळा झाला. छापील प्रत आणली नव्हती. पडदा आहे तर कागद कशाला, असा आमचा शहाणपणा. साडेचारशे ग्रॅमचा एक्स्टेन्शन बोर्ड पिशवीत होता, पण विजेशिवाय त्याचा काय उपयोग?

त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. घरच्या भाभींनी ज्वारीच्या भाकरी आणि ईदचं वाळवलेलं मांस तळून वाढलं. पिशवी उचलताना एका खांद्याकडे त्यांचं लक्ष गेलंच. "कायकू इत्ता वजन उठाती गे तू?" असं म्हणून त्यांनी तेल कोमट करून दिलं. लाइट पहाटे आली. फजरनंतर पुन्हा बसलो आणि मरहूमांच्या यादीवर आलो. साहेब प्रत्येक नावावर थांबून मग्फिरतची दुआ करत होते. अकराव्या नावावर बोट ठेवलं आणि दुआ अर्ध्यात थांबली.

"ये? ये तो जिंदा है. परसों बाजार में मिला मेरे को, मिरची तोलके दिया."

दोन सख्ख्या चुलत भावांची नावं सारखी होती. एक आठ वर्षांपूर्वी गेला, दुसरा मिरचीचा व्यापार करतो. मुलांनी वडिलांचं नाव चुकीचं लिहिलं होतं. साहेब इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. पण नंतर गप्प झाले आणि म्हणाले की हे छापून त्याच्या आईच्या हातात पडलं असतं तर? आई अजून आहे, नव्वदीची. आम्ही काही बोललो नाही. आम्हाला ते पाचशे रुक्के आठवले.

निघताना वाटेत असई लागतं. भोकरदन आणि जाफराबादच्या मधल्या पट्ट्यातलं हे गाव जगभरच्या लष्करी पुस्तकांत आहे आणि जालन्यातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेलं नाही. आम्हीही पहिल्यांदाच उतरलो. केळना आणि जुई या दोन नद्या इथे जवळ येऊन मिळतात आणि मध्ये जिभेसारखी जमीन उरते. जूनमध्ये दोन्ही पात्रांत खडक आणि शेळ्या. 23 सप्टेंबर 1803 ला या जिभेवर दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने नेपोलियनला हरवलं.

त्याची एक गोष्ट आम्हाला त्या दिवशी वेगळी दिसली. दोनच दिवस आधी, 21 तारखेला, बदनापूरला त्याची कर्नल स्टीव्हन्सनशी भेट झाली होती. आज जालन्याहून औरंगाबादला (पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर) जाताना जे स्टेशन लागतं तेच बदनापूर. दोघांनी दोन वाटांनी जाऊन 24 तारखेला एकत्र हल्ला करायचा असं ठरलं. पण 23 ला कळलं की समोरची फौज वाटलं होतं त्यापेक्षा फार जवळ आहे. वेलस्लीने स्टीव्हन्सनची वाट पाहिली नाही. इंग्रजी कागदांत 'नॉलनिया' असं लिहिलेल्या गावी त्याने सगळं जड सामान ठेवलं, त्यावर पहारा बसवला आणि हलका होऊन पुढे निघाला. वाटाड्यांनी सांगितलं की नदीला उतार नाही. त्याने पाहिलं की दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत, तेव्हा माणसं येत-जात असणारच, म्हणजे उतार असणारच. आणि उतार होता. संध्याकाळी तो जिंकला. शंभरेक तोफा त्याच्या हाती लागल्या, पण त्याच्या बाजूची पंधराशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. म्हातारपणी त्याला कुणी विचारलं की तुझी सर्वात चांगली लढाई कोणती, तर त्याने असईचं नाव घेतलं. ज्यांची माती झाली त्यांना कुणी विचारलं नाही. एका शेताच्या बांधावर आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. इथे कोण कुठे पुरलं गेलं, कुणाच्या जनाज्याची नमाज झाली, कुणाची नाही, हे कुठे लिहिलेलं नाही. नावांच्या याद्या करणाऱ्यांना असे विचार येतात.

सामान मागे ठेवायचं तर त्यावर कुणीतरी बसवावं लागतं, हेही बोललो. आमचे दोन किलो शंभरचे अल्बम घरी मुलगी सांभाळत होती.

जाफराबादला पूर्णेच्या काठावर उतरलो तेव्हा ऊन टळटळीत होतं. तिथलं काम पावतीपुस्तकांचं होतं, चार ओळींचा मजकूर. सवयीने लॅपटॉप उघडला आणि बंद केला. वहीत तसंच लिहिलं: "कारण नसताना उघडला." परतीच्या गाडीत वही वाचली. सहा ठिकाणी गेलो. लॅपटॉप खऱ्या अर्थाने एकाच ठिकाणी लागला, पण तिथे त्याच्यावाचून चाललं नसतं. आणि तिथे वजन आड आलं नाही. आड आली बॅटरी, आणि आमचा कागद न नेण्याचा शहाणपणा.

घरी मुलगी बारावीचा निकाल घेऊन बसली होती. निकाल आधीच लागला होता, आता प्रश्न प्रवेशाचा होता. औरंगाबादच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नंबर लागेल असं दिसत होतं. होस्टेलचा खर्च झेपणारा नाही, म्हणून ती रोज रेल्वेने अप-डाऊन करणार. साठेक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, आठवड्यातून सहा दिवस. तिने हे कितीतरी वेळा सांगितलं होतं आणि आम्ही मान डोलावली होती. तिने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. उलट म्हणाली, "तुम हलका ले लो, पुराना मेरे को दे दो. मैं ले जाऊंगी."

आम्ही वही पुढे ओढली आणि एक आकडेमोड केली. आमच्या फेऱ्या वर्षाला तीसच्या आत. तिच्या दोनशेच्या वर. अडीच किलो, वर विटेएवढा चार्जर, पुस्तकं आणि डबा, डब्यात उभं राहून, बदनापूर येईपर्यंत टेकायला जागा नाही. घरात एक खांदा उतरला होता, दुसरा उतरवायला आम्ही निघालो होतो. प्रवासाचा लॅपटॉप कुणाला हवा हे आम्ही दोन दुकानं, एक काटा आणि एक रणांगण पाहून आलो तरी आम्हाला दिसलं नव्हतं.

अब्बा कोपऱ्यात तसबीह घेऊन बसले होते. आता त्यांनी काही विचारलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात पंचेचाळीस हजारांचा घेतला, रोखीने. साठवलेले पैसे सगळे गेले, थोडे अब्बांनी घातले. एक किलो चारशेचा, चौदा इंची पडदा, रॅम सोळा, आणि घासाघीस करून बेचाळीस हजार आठशेला. त्याला जुन्या पद्धतीची एक खाच आहे, हे मुद्दाम पाहून घेतलं. कारण मुलीनेच सांगितलं की इतवारी कॉलेज नाही, लांबच्या गावाला जायचं असलं तर घेऊन जा, डोंगल लावा, फक्त माझ्या फाइलींना हात लावू नका. जुन्याला दोन हजार आठशेची नवी बॅटरी टाकली. ती आता एक्केचाळीस दाखवते तेव्हा खरंच एक्केचाळीस असते. अल्बम फळीवर चढले, एक्स्टेन्शन बोर्ड घरीच राहिला, आणि याद्यांची एक छापील प्रत पिशवीच्या पुढच्या कप्प्यात कायम असते. दोन रुपये पान.

हेडमास्तर साहेबांच्या स्मरणिकेचं अजून एक पान बाकी होतं, म्हणून मागच्या इतवारी पुन्हा निघालो. सकाळी किराणा दुकानापुढून जाताना दुकानदाराने स्वतःच हाक मारली. पिशवी काट्यावर ठेवली. तीन किलो तीनशे.

एसटी लागली. या वेळी जागा धरायला बाई पुढे गेली आणि पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर आली. राजूरपर्यंत त्याने ती मांडीवरून खाली ठेवली नाही. राजूरला विचारलं, "जड होते का?"

"नाही," तो म्हणाला आणि खांदा बदलला.